दोन याद्यांची अकरा वर्षे

अमेरिकेतल्या विमान कंपनीत वैमानिक रुजू झाला की त्याला एक क्रमांक मिळतो. सेवाज्येष्ठता यादीतला हा क्रमांक त्याच्या उरलेल्या नोकरीचा धनी असतो. लहान विमान की मोठे, डावीकडची कॅप्टनची खुर्ची की उजवीकडची फर्स्ट ऑफिसरची, तळ घराजवळच्या शहरात की हजार मैलांवर, नाताळात घरी की कुठल्या तरी विमानतळालगतच्या हॉटेलात, हे सारे त्यावर ठरते. दर महिन्याला सगळे वैमानिक आपापली पसंती नोंदवतात. यादीत जो वर, त्याला आधी मिळते. खालच्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पगाराचा दर विमानाच्या आकारावर आणि खुर्चीवर अवलंबून असल्यामुळे पगारही शेवटी याच आकड्याशी बांधलेला असतो. मंदी आली की कपात तळापासून वर चढत जाते आणि दिवस पालटले की परत बोलावणे वरून खाली येते.

ज्येष्ठता यादी भारतातल्या सरकारी कचेऱ्यांनाही नवी नाही. पण तिथे बढतीला गोपनीय अहवाल, विभागीय परीक्षा, रिक्त पदे असे आणखी चार फाटे असतात. अमेरिकी वैमानिकाच्या बाबतीत वाट एकच. शिवाय हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षे कॅप्टन राहिलेला माणूस कंपनी बुडाली म्हणून दुसरीकडे गेला, तर तिथे काल लागलेल्या पोराच्याही खाली त्याचे नाव लागते. पद्धत कठोर वाटते, पण ती टिकण्यामागे सबळ कारण आहे. विमानात दोष दिसला म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या कॅप्टनची बढती कोणा वरिष्ठाच्या मर्जीवर असेल, तर तो नकार देताना दहादा विचार करील. यादी असली की मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

वैमानिकांची राष्ट्रीय संघटना, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, १९३१ मध्ये डेव्हिड बेंकी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये झालेला कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला आणि वैमानिकांचे करार, तंटे आणि संघटनांच्या निवडणुका त्या कायद्याच्या चौकटीत आल्या. ज्येष्ठता हा या करारांचा कणा. कंपनी एकटी असते तोवर यादी सरळ असते, कारण माणसे लागोपाठ येतात आणि लागोपाठ जातात. दोन कंपन्या एक झाल्या की मात्र दोन पूर्ण भरलेल्या याद्या समोरासमोर येतात आणि त्यांची एकच यादी करावी लागते.

ती करण्याचे ढोबळ मार्ग तीन. पहिला नेमणुकीच्या तारखेचा: जो आधी लागला तो वर. दुसरा प्रमाणाचा: एका कंपनीत वरून तिसाव्या टक्क्याला असलेला माणूस दुसरीतल्या तिसाव्या टक्क्याच्या माणसाशेजारी बसवायचा, मग एकाची नोकरी वीस वर्षांची आणि दुसऱ्याची आठच वर्षांची का असेना. तिसरा मार्ग विकत घेतलेल्या कंपनीची अख्खी यादी घेणाऱ्या कंपनीच्या यादीखाली जोडून टाकण्याचा. वैमानिक त्याला स्टेपल करणे म्हणतात. कागदाला कागद टाचावा तशी हजार-दोन हजार माणसांची हयात तळाला टाचली जाते. यांखेरीज कुंपणे असतात: अमुक विमाने किंवा अमुक तळ इतकी वर्षे मूळच्या कंपनीच्या लोकांसाठीच राखून ठेवायचे. कोणताही मार्ग घेतला तरी कोणी तरी खाली जातो, कारण एका क्रमांकावर दोन माणसे बसू शकत नाहीत.

या प्रश्नाला पुढे प्रमाण मानला गेलेला नियम मिळाला तो १९७२ मध्ये. पूर्वेकडच्या ॲलेगेनी एअरलाइन्सने मोहॉक एअरलाइन्स आपल्यात सामावून घेतली तेव्हा नागरी विमानवाहतूक मंडळाने कामगारांच्या संरक्षणाच्या अटी घातल्या. त्यांतल्या तिसऱ्या कलमात ज्येष्ठता याद्या न्याय्य आणि समतोल रीतीने एकत्र कराव्यात असे होते, आणि तेराव्या कलमात तंटा मिटला नाही तर लवादाकडे जाण्याची वाट होती. पुढे कुठल्याही विलीनीकरणात ‘ॲलेगेनी-मोहॉक’ एवढे दोन शब्द उच्चारले की वैमानिकांना अर्थ कळे. पण १९७८ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणमुक्त झाली, १९८४ अखेर ते मंडळच बंद झाले आणि पुढे सरकारने या अटी घालणे सोडून दिले. संरक्षण उरले ते संघटनांच्या अंतर्गत नियमांत आणि कंपन्यांशी केलेल्या करारांत. हीच ॲलेगेनी १९७९ मध्ये यूएसएअर झाली, तिने १९८०च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियातली पीएसए आणि उत्तर कॅरोलायनातली पीडमाँट गिळली, आणि १९९७ मध्ये तिने यूएस एअरवेज हे नाव घेतले. ज्या कंपनीच्या नावाने याद्यांचा न्याय ओळखला जाई, तिच्याच घरात पुढे सर्वांत लांबलेला तंटा झाला.

दरम्यान ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी नियम नसण्याची किंमत मोजली होती. ही जुनी कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत असताना अमेरिकन एअरलाइन्सने विकत घेतली. व्यवहार फिसकटू नये म्हणून ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांनी आपल्या करारातले ॲलेगेनी-मोहॉकचे संरक्षण सोडून दिले. अमेरिकनच्या वैमानिकांची संघटना वेगळी होती. अलाइड पायलट्स असोसिएशन ही संघटना १९६३ मध्ये राष्ट्रीय संघटनेतून फुटून निघालेली. तिने जी यादी केली तीत ट्रान्स वर्ल्डच्या सुमारे २,३०० वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक तळाला टाचले गेले. त्याच सुमारास ११ सप्टेंबरचे हल्ले झाले, प्रवासी आटले, कपात तळापासून सुरू झाली आणि तळाला हीच माणसे होती. ट्रान्स वर्ल्डचे घर मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचे, आणि या माणसांची आठवण मिसुरीच्या दोन सिनेटरांनी ठेवली. तो भाग पुढे येतो.

यूएस एअरवेजची अवस्था तेव्हा फार वेगळी नव्हती. ऑगस्ट २००२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, मार्च २००३ मध्ये बाहेर आली आणि सप्टेंबर २००४ मध्ये पुन्हा गेली. पगार कापले गेले, वैमानिकांची निवृत्तिवेतन योजना मोडीत निघाली, विमाने परत गेली. सुमारे ५,१०० वैमानिकांपैकी १,७०० घरी बसले होते. अमेरिकेत याला फर्लो म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द कैद्याच्या रजेमुळे ठाऊक आहे. इथे त्याचा अर्थ बिनपगारी सक्तीची रजा, यादीतला क्रमांक राखून आणि कधी तरी बोलावणे येईल या आशेवर. कपात इतकी वर चढली होती की १९८८च्या सुमारास लागलेला, सोळा-सतरा वर्षे नोकरी झालेला वैमानिक कामावर असलेल्यांत सर्वांत कनिष्ठ ठरला होता.

अमेरिका वेस्ट ही कंपनी वाळवंटातली. ॲरिझोनातल्या फीनिक्सहून १९८३ मध्ये तिची उड्डाणे सुरू झाली. १९९१ ते १९९४ ही वर्षे तिनेही दिवाळखोरीत काढली होती. पण २००५ मध्ये ती वाढत होती आणि नवे वैमानिक घेत होती. तिच्याकडे सुमारे १,९०० वैमानिक होते, बहुतेक वयाने आणि नोकरीने तरुण, आणि त्यांतले कोणीही घरी बसलेले नव्हते. मे २००५ मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २००५ रोजी ते पूर्ण झाले. नाव राहिले थोरलीचे, यूएस एअरवेज. सूत्रे आली धाकटीच्या डग पार्कर यांच्याकडे. वैमानिक मात्र आपल्याला ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हणू लागले आणि ही नावे दहा वर्षांनंतरही गेली नाहीत.

दोन्हीकडचे वैमानिक एकाच राष्ट्रीय संघटनेचे सभासद होते. म्हणून पुढची वाट आखलेली होती: आधी आपसांत बोलणी, मग मध्यस्थी, शेवटी लवाद, आणि लवादाचा निवाडा अंतिम व बंधनकारक. त्याबरोबर विलीनीकरणाच्या वेळीच कंपनी आणि दोन्ही गटांत एक संक्रमण करार झाला होता. त्यातली एक अट पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ आहे. एकत्र यादी लागू व्हायची होती ती दोन्ही गटांसाठी एकच वेतन करार झाल्यावर, आणि तो करार सभासदांच्या मतदानाने मंजूर व्हायचा होता. तोवर दोन्ही बाजूंनी आपापल्या यादीवर, आपापल्या विमानांत, आपापल्या जुन्या पगारात उडायचे होते. करार लिहिणाऱ्यांना हे वर्ष-दोन वर्षांचे काम वाटले असणार. यादी पसंत न पडलेल्या बहुमताने करारच होऊ दिला नाही तर काय, याचे उत्तर त्या कागदात नव्हते.

बोलणी फसली, मध्यस्थीही फसली. लवाद म्हणून जॉर्ज निकोलाउ आले आणि त्यांच्या जोडीला इतर कंपन्यांतले दोन वैमानिक बसले. निकोलाउ नवखे नव्हते. १९८०च्या दशकात बेसबॉलच्या मालकांनी आपसांत संगनमत करून खेळाडूंचे भाव पाडले, तेव्हा दोन प्रकरणांत खेळाडूंच्या बाजूने निवाडा देणारे लवाद हेच.

ईस्टची मागणी तारखेची होती. ज्याने १९८८ पासून हिवाळ्याच्या रात्री पिट्सबर्गच्या बर्फात विमाने उतरवली, तो २००४ मध्ये लागलेल्या माणसाच्या खाली का जावा? त्यांच्या यादीत पन्नाशी ओलांडलेल्यांची गर्दी होती. तेव्हा वैमानिकाला साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, म्हणजे येत्या काही वर्षांत ईस्टच्या वरच्या खुर्च्या भराभर रिकाम्या होणार होत्या. पगार आणि पेन्शन गमावल्यावर ईस्टच्या मधल्या-खालच्या वैमानिकांकडे उरलेली ठेव तीच होती. एकत्र यादीत त्या खुर्च्यांवर वेस्टचे तरुणही हक्क सांगणार होते.

वेस्टचे म्हणणे असे की, तारीख बघण्याआधी २००५ सालची वस्तुस्थिती बघा. बुडत होती ती यूएस एअरवेज. विलीनीकरण झाले नसते तर १९८८ची तारीख घेऊन ईस्टचा वैमानिक कोणत्या कंपनीत उडाला असता? वेस्टमध्ये चार वर्षांत कॅप्टन होण्याइतपत आलेला माणूस तारखेच्या यादीत शेकडो घरी बसलेल्यांच्या खाली जाईल, आणि उद्या कपात आली तर जे आधीच रस्त्यावर होते ते आत राहतील आणि जो कामावर होता तो रस्त्यावर येईल.

निवाडा मे २००७च्या आरंभी आला. यादीच्या माथ्यावरची सुमारे ५०० नावे ईस्टची, कारण समुद्रापार जाणारी रुंद विमाने त्यांच्याकडेच होती आणि वेस्टच्या कोणी ती चालवलेली नव्हती. घरी बसलेले १,७०० ईस्ट वैमानिक तळाला, वेस्टच्या शेवटच्या माणसाखाली. मधल्या सगळ्यांची गुंफण ज्याच्या त्याच्या यादीतल्या सापेक्ष स्थानानुसार. या गुंफणीचा एक टाका असा पडला की कामावरच्या ईस्ट वैमानिकांतला सर्वांत कनिष्ठ, सतरा वर्षांच्या नोकरीचा माणूस, विलीनीकरणाच्या अगदी तोंडावर अमेरिका वेस्टमध्ये लागलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसला. हिशेब सरळ होता: दोघेही आपापल्या यादीच्या टोकाला होते आणि कपातीची पुढची कुऱ्हाड पडली असती तर दोघांवरही पहिली पडली असती. पण एकाने ऐन उमेदीची सतरा वर्षे दिली होती आणि दुसऱ्याने काही आठवडे. निवाडा येईतो घरी बसवलेल्यांतले काही जण कामावर परतलेही होते. त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

निवाड्याच्या तर्कात खोट काढणे कठीण आहे, आणि तरी तो वाचून ईस्टच्या वैमानिकाच्या पोटात कालवले असेल तर तेही समजण्यासारखे आहे. दोन्ही गटांनी सुनावणीत जे मांडले ते आपापल्या जागी खरे होते. म्हणूनच तर निर्णय तिसऱ्यावर सोपवला होता आणि तो मानू असे आधीच कबूल केले होते. यानंतर जे घडले त्यात ती कबुली मोडली गेली, आणि तिथे दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत.

ईस्टच्या प्रतिनिधींनी एकत्र वेतन कराराच्या बोलण्यांतून अंग काढून घेतले. निवाडा रद्द करून घेण्याचे प्रयत्न संघटनेच्या आत आणि बाहेर झाले, पण राष्ट्रीय संघटनेने तो कायम ठेवून डिसेंबर २००७ मध्ये यादी कंपनीकडे दिली आणि कंपनीने ती स्वीकारली. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने वैमानिकांचे निवृत्तीचे वय साठवरून पासष्ट केले. ईस्टचे वैमानिक ज्या रिकाम्या खुर्च्यांची वाट पाहत होते त्या एका सहीने पाच वर्षे पुढे गेल्या.

मग ईस्टच्या वैमानिकांनी संघटनाच बदलली. नेमणुकीची तारीख हे तत्त्व घटनेत लिहून यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन ही नवी संघटना त्यांनी काढली. अशी संघटना एका कंपनीत एकच असते आणि ती कोणती हे साऱ्या वैमानिकांच्या मतांवर ठरते. एप्रिल २००८ मध्ये मतदान झाले. नव्या संघटनेला २,७०० हून थोडी अधिक मते पडली, जुनीला सुमारे २,२५०. संख्येत ईस्ट दुपटीहून मोठे होते, त्यामुळे निकालात आश्चर्य नव्हते. जुन्या काळच्या जहाजी बंडांत कप्तान उतरवला जाई. इथे लवादाचा निवाडा ज्या संघटनेच्या नियमांतून आला, ती संघटनाच उतरवली गेली. वेस्टच्या १,९०० वैमानिकांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार आता त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेकडे गेला.

अमेरिकी कायद्यात अशा अल्पसंख्यांसाठी एक जुनी ढाल आहे. १९४४ मध्ये अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय रेल्वे फायरमनचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. गोऱ्यांच्या संघटनेने रेल्वेशी करार करून कृष्णवर्णीयांना ज्येष्ठता असूनही बाजूला सारले होते, आणि कायद्याने तीच त्यांचीही प्रतिनिधी होती. न्यायालयाने ठरवले की सर्वांच्या वतीने बोलण्याचा एकमेव अधिकार ज्या संघटनेला आहे, तिने ज्यांनी तिला मत दिले नाही त्यांचेही प्रतिनिधित्व न्यायाने केले पाहिजे. या कर्तव्याचा आधार घेऊन सप्टेंबर २००८ मध्ये वेस्टच्या सहा वैमानिकांनी फीनिक्सच्या संघीय न्यायालयात दावा लावला. खर्चासाठी वेस्टच्या वैमानिकांनी वर्गणी काढली आणि ती जमवणाऱ्या कंपनीला लिओनिडासचे नाव दिले. थर्मोपिलीच्या खिंडीत मूठभर सैन्यानिशी लढलेला स्पार्टाचा हा राजा. ते स्वतःकडे कसे पाहत होते हे त्या नावावरून कळते.

या काळात विमानतळावर उभ्या असलेल्या प्रवाशाला एकच कंपनी दिसत होती. विमानांचा रंग एक, तिकीट एक, हवाई नियंत्रकांशी बोलताना घ्यायचे नावही एकच. ते नाव होते ‘कॅक्टस’, अमेरिका वेस्टकडून आलेले ॲरिझोनाचे निवडुंग. पण एअरबस ए-३२० ईस्टच्या ताफ्यातले असेल तर त्यात ईस्टचे दोन वैमानिक आणि वेस्टच्या ताफ्यातले असेल तर वेस्टचे दोन. एकाच बनावटीचे विमान, एकच नियमपुस्तक, आणि तरी एका बाजूचा कॅप्टन आजारी पडला तर दुसऱ्या बाजूचा कॅप्टन त्याच्या जागी बसू शकत नव्हता.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून शार्लटला निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले आणि कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवले. विमानातले सर्व १५५ जण वाचले. नियंत्रकाच्या ध्वनिफितीत या उड्डाणाचे नाव ‘कॅक्टस १५४९’ असे ऐकू येते. चालवणारे दोघेही ईस्टचे. सलेनबर्गर १९८० मध्ये पीएसएमध्ये लागले होते आणि आधीच्या विलीनीकरणातून यूएसएअरच्या यादीत आले होते. त्यांच्या उजवीकडे बसलेले जेफ्री स्काइल्स यांच्या खाती १५,६०० हून अधिक उड्डाणतास होते. ते पूर्वी कॅप्टन होते आणि कंपनी आकसत गेली तसे पुन्हा उजव्या खुर्चीत आले होते. महिन्याभराने दोघे काँग्रेसच्या समितीपुढे बसले. आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आणि पेन्शन योजना संपुष्टात आली, असे सलेनबर्गर यांनी तिथे सांगितले. याद्यांच्या भांडणाबद्दल ती सुनावणी नव्हती. पण ईस्टच्या वैमानिकाने काय गमावले होते आणि उरलेल्या क्रमांकाला तो इतका का चिकटला होता, हे त्या दोन माणसांच्या नोकरीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही दाव्याच्या कागदांत दिसत नाही.

मे २००९ मध्ये फीनिक्सच्या ज्यूरीने वेस्टच्या बाजूने कौल दिला. जुलैमध्ये न्यायाधीश नील वेक यांनी संघटनेला निकोलाउ यादीवर आधारित करार करण्याचा आदेश दिला. वेस्टला वाटले, संपले. जून २०१० मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो आदेश उलटवला. वेस्टचे म्हणणे चूक असे न्यायालयाने म्हटले नाही. दावा अजून पिकलेला नाही एवढेच म्हटले: करार अद्याप झालेलाच नाही, तो कसा असेल हे ठाऊक नाही, तेव्हा त्यातून अन्याय झाला की नाही हे आज सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने या म्हणण्यात अर्थ आहे. पण फीनिक्सच्या वैमानिकासाठी त्याचा अर्थ असा झाला की समोरचा करार न करता बसून राहील तोवर त्याला न्यायालयात जाता येणार नाही, आणि समोरच्याला बसून राहणेच हवे होते. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालण्यास नकार दिला.

बसून राहणे ईस्टलाही फुकट पडले नाही. दुसऱ्या दिवाळखोरीच्या वेळी, २००४ मध्ये, जे पगार ठरले होते त्याच पगारांवर ईस्टचे वैमानिक वर्षानुवर्षे उडत राहिले. एकत्र करार झाला तर वाढ देऊ असा कंपनीचा प्रस्ताव २००७ पासून पडून होता. तो घ्यायचा तर निकोलाउ यादीही घ्यावी लागली असती. ज्येष्ठता वाचवण्यासाठी त्यांनी पगार सोडला. कंपनीची बाजू या सगळ्यात फारशी दुबळी झाली नाही: दोन गट भांडत होते तोवर तिला उद्योगातल्या सर्वांत कमी पगारांत मोजले जाणारे वैमानिक मिळत होते. २०११ मध्ये कंपनीने संघटनेवर मुद्दाम उड्डाणे रखडवल्याचा आरोप ठेवला आणि शार्लटच्या संघीय न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ते थांबवण्याचा हुकूम दिला. त्याआधी, जुलै २०१० मध्ये, कंपनीने स्वतःच न्यायालयाला विचारले होते की नेमकी कोणती यादी आपण मान्य करायची. न्यायाधीश रोझलिन सिल्व्हर यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर दिले की संघटनेला वेगळी यादी मागता येईल, पण तिच्यामागे संघटना म्हणून योग्य असा हेतू हवा. दोन्ही बाजूंनी त्यातून आपल्याला हवे ते वाचले.

कोंडी फुटली ती बाहेरून. अमेरिकन एअरलाइन्स नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डग पार्कर यांनी तिच्याशी विलीनीकरणाचा डाव मांडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये घोषणा झाली, ९ डिसेंबर २०१३ रोजी व्यवहार पूर्ण झाला. या वेळी कायदा बदललेला होता. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांचे हाल पाहिलेले मिसुरीचे सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल आणि किट बाँड, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी डिसेंबर २००७ मध्ये एक छोटी तरतूद मंजूर करून घेतली होती: यापुढे विमान कंपन्या एकत्र झाल्या की ॲलेगेनी-मोहॉकच्या अटींतली तिसरी आणि तेरावी कलमे लागू. १९७२चा नियम पस्तीस वर्षांनी कायदा होऊन परतला. ज्यांच्यासाठी तो झाला त्या वैमानिकांना त्याचा उपयोग उरला नव्हता, कारण तो मागच्या व्यवहारांना लागू नव्हता.

विलीनीकरणाच्या वेळी चारही पक्षांत, म्हणजे दोन कंपन्या आणि दोन संघटनांत, एक समजुतीचा करार झाला. वैमानिकांना घसघशीत पगारवाढ मिळाली आणि याद्यांचा प्रश्न नव्या कायद्याने सोडवायचे ठरले. त्यात ईस्टच्या संघटनेने एक वाक्य घालून घेतले, ज्याचा अर्थ इतकाच की या करारामुळे निकोलाउ यादी लागू होत नाही. वेस्टने पुन्हा दावा लावला. आता करार झालेला होता, दावा पिकला होता. जानेवारी २०१४ मध्ये सिल्व्हर यांनी संघटनेच्या वर्तनावर ताशेरे ओढूनही निकाल तिच्या बाजूने दिला. २६ जून २०१५ रोजी अपील न्यायालयाने तो फिरवला. संघटनेने निकोलाउ यादी सोडून देताना वेस्टच्या वैमानिकांप्रती असलेले न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडले, आणि यापुढे ज्येष्ठतेच्या प्रक्रियेत तिने भाग घ्यायचा तर फक्त निकोलाउ यादीच्या बाजूनेच घ्यावा, असा आदेश झाला. निवाड्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. जी गोष्ट वेस्टचे वैमानिक २००८ पासून सांगत होते ती शेवटी न्यायालयाने मान्य केली, पण ती यादी ज्या कंपनीसाठी केली होती ती वेगळी कंपनी म्हणून उरली नव्हती.

ईस्टच्या संघटनेचे दिवसही भरले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये साऱ्या वैमानिकांचे प्रतिनिधित्व अलाइड पायलट्स असोसिएशनकडे गेले. म्हणजे २००१ मध्ये ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांना तळाला टाचणाऱ्या संघटनेवर आता तिघांना न्यायाने एकत्र आणण्याची जबाबदारी आली. तिने तिन्ही गटांच्या वेगवेगळ्या समित्या होऊ दिल्या: अमेरिकनची एक, ईस्टची एक, वेस्टची एक. वेस्टच्या वैमानिकांना आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडायची संधी निकोलाउंच्या सुनावणीनंतर प्रथमच मिळत होती. कोणा एकावर भार नको म्हणून लवाद तिघांचा नेमला गेला. डेना आयशेन अध्यक्ष, सोबत आयरा जॅफी आणि डेव्हिड व्हॉन.

६ सप्टेंबर २०१६ रोजी तिघांनी निवाडा दिला. पंधरा हजारांच्या आसपास नावे एका यादीत आली. पद्धत मिश्र होती: विमान आणि खुर्ची यांनुसार माणूस कुठे होता हे एका पारड्यात आणि त्याने किती वर्षे नोकरी केली हे दुसऱ्या पारड्यात घालून दोन्हींना वेगवेगळे वजन दिले होते. राष्ट्रीय संघटनेनेही आपल्या नियमांत नोकरीच्या वर्षांचा विचार २००९ मध्ये पुन्हा आणला होता. निकोलाउंच्या गुंफणीत ज्या सतरा वर्षांना जागा मिळाली नव्हती, त्यांना नव्या हिशेबात काही किंमत आली.

निकोलाउ यादीवर एकाही वैमानिकाने एका महिन्याची पसंती कधी नोंदवली नाही. ईस्टचे जे कॅप्टन २००७ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर होते ते तोवर पासष्ट ओलांडून निवृत्त झाले होते, आणि घरी बसवलेल्यांतल्या कित्येकांनी बोलावण्याची वाट न पाहता दुसऱ्या कंपनीच्या यादीत तळापासून सुरुवात केली होती. नवी यादी लागू झाल्यावर ए-३२०च्या डाव्या खुर्चीत फिलाडेल्फियाचा आणि उजव्या खुर्चीत फीनिक्सचा वैमानिक एका फेरीवर एकत्र निघू शकत होते. विलीनीकरणाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.